रिक्षात भरला जाणारा एलपीजी किलोने मोजून द्यावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये पेट्रोलचा भाव लिटरने सांगितला जातो, सीएनजीचा किलोने, आणि रिक्षा व जुन्या व्हॅनमध्ये भरल्या जाणाऱ्या एलपीजीचा भाव पुन्हा लिटरने. या तिन्ही पाट्या ज्याच्या रोज डोळ्यांसमोरून जातात, त्याला साठ रुपयांच्या आसपासचा एलपीजी सर्वांत स्वस्त, नव्वदीच्या घरातला सीएनजी मधला आणि शंभरी ओलांडलेले पेट्रोल सर्वांत महाग वाटते, आणि या समजावर विसंबून तो गाडीला कोणते किट बसवायचे ते ठरवतो. हे आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत. रोजच्या दरात दोन-चार रुपयांचा फरक पडला तरी मुद्दा बदलत नाही. मुद्दा असा की, ज्या मापाने एलपीजी विकला जातो त्या मापात माल किती आला हे घेणाऱ्याला कळण्याची सोय नाही. म्हणून वाहनांसाठीचा एलपीजी लिटरऐवजी किलोने विकला जावा, आणि हा बदल होईपर्यंत निदान त्या दिवशीच्या गॅसची घनता, म्हणजे एका लिटरचे वजन, पंपावर लिहिली जावी, अशी मागणी मी या पत्रातून करीत आहे.

हा गॅस आपल्या शहरात पोहोचेपर्यंतचा त्याचा सगळा व्यवहार वजनावरच होतो. आपल्या देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, आणि त्यातला मोठा भाग कतार, संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि सौदी अरेबिया या आखाती देशांकडून आलेला आहे. सौदी अरामको ही कंपनी दर महिन्याच्या सुरुवातीला प्रोपेनचा आणि ब्युटेनचा भाव वेगवेगळा जाहीर करते, तो टनामागे डॉलरमध्ये असतो. जहाजाचे भाडे टनावर ठरते. बंदरावरून निघालेला टँकर वजनकाट्यावर चढतो आणि त्याची पावती टनांत होते. घरच्या सिलिंडरवर १४.२ किलो आणि हॉटेलच्या सिलिंडरवर १९ किलो हे आकडे छापलेले असतात, आणि सिलिंडर घरी आला की तो काट्यावर टांगून मोजून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पलीकडच्या पंपावरचा सीएनजीही किलोनेच मिळतो. या संपूर्ण साखळीत वजन सोडून आकारमानाने माल मिळतो तो फक्त शेवटच्या माणसाला, म्हणजे रिक्षाची टाकी भरणाऱ्या चालकाला.

आता लिटरने काय बिघडते ते थोडे तपशिलात सांगितले पाहिजे. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण, दाबाखाली द्रवरूप केलेले. १५ अंश सेल्सिअसला एक लिटर द्रवरूप प्रोपेनचे वजन साधारण ५१० ग्रॅम भरते, तर एक लिटर ब्युटेनचे ५८० ग्रॅमच्या थोडे वर. म्हणजे त्याच एका लिटरमध्ये प्रोपेन जास्त असेल तर माल कमी येतो आणि ब्युटेन जास्त असेल तर माल जास्त येतो. वाहनांच्या एलपीजीसाठी भारतीय मानक आहे. त्यात बाष्पदाबाची मर्यादा आणि ऑक्टेनची किमान पातळी ठरवून दिलेली आहे, परंतु प्रोपेन इतके टक्के आणि ब्युटेन इतके टक्के असे एकच प्रमाण बांधून दिलेले नाही. ते बांधणे शहाणपणाचेही नाही, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ येताच वायुरूप व्हायला कुरकुर करतो, तर प्रोपेन उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायू होऊ शकतो, आणि म्हणून थंडीत प्रोपेनचे प्रमाण वाढवणे तांत्रिकदृष्ट्या योग्यच ठरते. पुरवठादाराने मिश्रण बदलावे, त्याला कोणाची हरकत नाही. मात्र मिश्रण बदलले की लिटरचे वजन बदलते आणि भावाची पाटी तशीच राहते, याला हरकत आहे.

वजनाकडे वळले की हा गुंता बहुतांशी सुटतो. एक किलो प्रोपेन जाळल्यावर मिळणारी उष्णता सुमारे ४६ मेगाज्यूल आणि एक किलो ब्युटेनची जवळपास तेवढीच, फरक दीड टक्क्याच्या आसपास. लिटरने मोजले तर हाच फरक बारा-तेरा टक्क्यांवर जातो, कारण प्रोपेनच्या लिटरमध्ये साडेतेवीस मेगाज्यूल असतात आणि ब्युटेनच्या लिटरमध्ये साडेसव्वीसहून थोडे अधिक. गाडी लिटरवर चालत नाही, उष्णतेवर चालते. किलोने घेतल्यास मिश्रण कोणतेही असो, तेवढ्याच रुपयांत जवळजवळ तेवढेच अंतर कापले जाईल.

तापमानाचा भाग याहून वेगळा आहे आणि तो नाशिककरांना चटकन पटावा. प्रत्येक द्रव उन्हाने फुगतो, पण एलपीजी पेट्रोलच्या कितीतरी पट अधिक फुगतो. १५ अंशांचे पेट्रोल ४० अंशांवर गेले तर त्याची घनता सुमारे अडीच टक्क्यांनी उतरते; प्रोपेनची त्याच फरकात सुमारे आठ टक्क्यांनी उतरते. आपल्या जिल्ह्यात जानेवारीच्या पहाटे निफाडचा पारा पाच-सहा अंशांखाली जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत नाशिक शहरात चाळिशी गाठली जाते. पंपावरची साठवण टाकी जमिनीखाली असेल तर तिच्यातील गॅस हवेइतका तापत नाही हे खरे. तरीही हिवाळ्यातला लिटर आणि उन्हाळ्यातला लिटर यांत सारखाच माल असतो असे कोणी म्हणू शकणार नाही. विशेष म्हणजे या फुगण्याची दखल कायद्याने सुरक्षिततेच्या बाबतीत घेतलेली आहे. एलपीजीची टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरते, तिथे आतला तरंगता खटका भरणे बंद करतो, आणि वरचा पाचवा हिस्सा द्रव फुगण्यासाठी रिकामा ठेवला जातो. टाकी फुटू नये म्हणून जे शास्त्र मान्य केले, ते ग्राहकाचे पैसे मोजताना विसरले जाते.

सातपूर ते सीबीएस या मार्गावर शेअर रिक्षा चालवणाऱ्या एका परिचित चालकाची वही मी पाहिली आहे. खिशात मावेल एवढी, रबर लावलेली, डाव्या बाजूला मीटरचे किलोमीटर आणि उजव्या बाजूला भरलेल्या गॅसचे रुपये. बहुतेक चालकांप्रमाणे तोही लिटर सांगत नाही. ‘तीनशेचा टाका’ एवढेच म्हणतो. नोझल टाकीच्या तोंडाला बसवून खटका दाबला जातो, आकडे पळतात, सुटताना थोडासा गॅस फुस्स करून उडतो आणि पुढची रिक्षा सरकते. त्या वहीत उन्हाळ्याच्या पानांवर त्याच तीनशे रुपयांत अंतर कमी पडल्याचे दिसते, आणि त्याने शेजारी ‘ॲव्हरेज कमी’ असे लिहून कार्बोरेटर साफ करून घेतल्याची नोंद केली आहे. अंतर कमी पडण्याला वाहतुकीची कोंडी, टायरमधली हवा, सीटची संख्या अशी दहा कारणे असू शकतात, आणि सगळा दोष मापाचाच आहे असा माझा दावा नाही. पण दहा कारणे तपासण्याआधी अकरावे कारण, म्हणजे विकत घेतलेला माल, त्याला तपासताच येत नाही, ही गोष्ट मला खटकते.

रुपयांत सांगायचे तर असे. लिटरला साठ रुपये भाव धरला तर तीनशे रुपयांत पाच लिटर गॅस मिळतो. त्या दिवशी लिटरचे वजन ५५० ग्रॅम असेल तर चालकाच्या टाकीत पावणेतीन किलो गेला. ५०० ग्रॅम असेल तर अडीच किलोच गेला. फरक पाव किलोचा, आणि त्याची किंमत पंचवीस रुपयांच्या वर. ज्याला दिवसाअखेर मालकाचे भाडे किंवा बँकेचा हप्ता काढून घरी पाचशे-सातशे रुपये न्यायचे असतात, त्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही.

पेट्रोलच्या बाबतीत आपण हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. कोणत्याही पेट्रोलपंपावर त्या दिवशीची घनता लिहिलेली असते आणि ग्राहकाने मागितल्यास हायड्रोमीटर आणि तापमापी लावून ती तपासून दाखवावी लागते. ही व्यवस्था मुख्यतः भेसळ पकडण्यासाठी आली, तरी तिच्यामुळे लिटरमध्ये किती माल आहे हेही ग्राहकाला कळते. ज्या इंधनाची घनता तुलनेने स्थिर आहे त्याची घनता फलकावर, आणि ज्याची ऋतूप्रमाणे व मिश्रणाप्रमाणे बदलते त्याची मात्र कुठेही नाही, हा उलटा न्याय आहे. अमेरिकेत प्रोपेन विकताना गॅलन ६० अंश फॅरनहाइट तापमानाला धरला जातो आणि मीटरला तापमानाची दुरुस्ती करण्याची सोय असते. आपल्याकडेही अशी दुरुस्ती करणारे मापक बसवलेले असल्यास ते पावतीवर छापावे. माझ्या पाहण्यातल्या पावत्यांवर लिटर, दर आणि रक्कम यांपलीकडे काही नसते.

आता तीन पाट्यांच्या तुलनेकडे येतो. उष्णतेच्या हिशेबाने एक लिटर पेट्रोलचे काम करायला साधारण १.३ लिटर एलपीजी लागतो, आणि एक किलो सीएनजी साधारण दीड लिटर पेट्रोलच्या किंवा १.९ लिटर एलपीजीच्या बरोबरीचा असतो. म्हणजे साठ रुपयांचा एलपीजी हा पेट्रोलच्या मापाने अठ्ठ्याहत्तर रुपयांचा होतो, आणि नव्वद रुपयांचा सीएनजी साठ रुपयांचा. पाट्यांवर एलपीजी सीएनजीहून तीस रुपयांनी स्वस्त दिसतो आणि रस्त्यावर तो सीएनजीहून महाग पडतो. एलपीजी पेट्रोलपेक्षा स्वस्त राहतो यात शंका नाही, आणि सीएनजीच्या रांगेत तास-दीड तास उभे राहणाऱ्या चालकाचा तेवढा धंदा बुडतो हाही खर्चच आहे. शिवाय सीएनजीचा सिलिंडर दोनशे बारच्या दाबाचा, म्हणून जाड आणि वजनदार. एलपीजीची टाकी आठ-दहा बारच्या दाबाची, म्हणून हलकी आणि किटही त्या मानाने स्वस्त. अनेकांनी विचारपूर्वक एलपीजी निवडलेला आहे आणि त्यांची निवड चुकीची आहे असे मी म्हणत नाही. निवड करताना दोन्ही गॅसच्या पाट्या एकाच मापात असाव्यात, इतकीच अपेक्षा आहे. लिटरचे वजन ५४० ग्रॅम धरले, तर साठ रुपये लिटरचा एलपीजी किलोने लिहिल्यास एकशे अकरा रुपये होईल. मग एकशे अकराची पाटी आणि नव्वदची पाटी शेजारी शेजारी पाहून कोणाचीही फसगत होणार नाही.

किलोचा भाव लिहिला गेला की आणखी एक गोष्ट उघड होईल, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. अरामकोने जाहीर केलेला प्रोपेनचा भाव एप्रिल २०२० मध्ये टनामागे २३० डॉलरपर्यंत खाली आला होता. दोन वर्षांनी, युक्रेन युद्धाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, एप्रिल २०२२ मध्ये तोच भाव ९४० डॉलर झाला. जुलै २०२३ मध्ये तो ४०० डॉलरवर आला. हे चढउतार आपल्या हातातले नाहीत. उत्तर गोलार्धात थंडी वाढली की घरे उबदार ठेवायला प्रोपेन लागतो. चीनमध्ये प्रोपेनपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणारे कारखाने उभे राहिले आहेत आणि तेही याच बाजारातून खरेदी करतात. २०२३ मध्ये पनामा कालव्यात पाणी कमी पडले तेव्हा अमेरिकेतून आशियाकडे येणारी गॅसची जहाजे अडली आणि भाडे कडाडले. जागतिक भाव वर गेला की पंपावरचा भाव वर जातो हे चालक समजून घेतो. भाव खाली येतो तेव्हा तो पंपावर किती खाली आला हे त्याला ताडून पाहता येत नाही, कारण तिकडे टन आणि डॉलर, इकडे लिटर आणि रुपये, आणि मधला दुवा असलेली घनता गायब.

किलोने भाव असला तर हिशेब कोणालाही मांडता येईल. टनाला ५०० डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये धरले तर जहाजात चढलेला गॅस किलोला साडेबेचाळीस रुपये पडतो. पंपावरच्या एकशे अकरा रुपयांत १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे सतरा रुपये आहेत. उरलेल्या पन्नासएक रुपयांत जहाजभाडे, विमा, बंदराचा खर्च, आयात शुल्क असल्यास ते, साठवण, कसारा घाट चढून येणाऱ्या टँकरची वाहतूक, कंपनीचा नफा आणि पंपचालकाचे कमिशन एवढे सगळे येते. ही सगळी रक्कम नफाच आहे असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. टँकरने, तेही दाबाखाली, थोडा थोडा गॅस आणून कमी खपाच्या पंपावर विकण्याला खर्च येतोच. पेट्रोल-डिझेल मुंबईहून नळवाटेने मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत येते, ती सोय या गॅसला नाही. पण पेट्रोल, डिझेल आणि घरगुती सिलिंडर यांच्या भावाची फोड दिल्लीच्या दराने का होईना प्रसिद्ध केली जाते. तशी फोड वाहनांच्या एलपीजीबाबत नाशिकच्या एकाही पंपावर लावलेली मला आढळलेली नाही.

कराबाबत थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. घरगुती सिलिंडरवर ५ टक्के जीएसटी आणि वाहनांच्या एलपीजीवर १८ टक्के. हा दर ५ टक्क्यांवर आणावा ही या क्षेत्रातल्या संघटनेची जुनी मागणी असून ती मला रास्त वाटते. वरच्या उदाहरणात त्यामुळे किलोमागे बारा रुपयांहून अधिक वाचतील. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले तेव्हा रिक्षा या वाहनावरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ते चांगलेच झाले. तिच्या इंधनावरचा मात्र होता तसाच राहिला. सीएनजीवरचा व्हॅट महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणला याचा दाखला नेहमी दिला जातो. न्यायाने सांगायचे तर सीएनजीवर केंद्राचे १४ टक्के उत्पादन शुल्कही आहे, त्यामुळे तिथे फक्त तीन टक्के कर आहे असे म्हणणे बरोबर नाही. सीएनजी स्वस्त पडण्याचे मोठे कारण कराहून वेगळे आहे: देशी विहिरींतला काही गॅस शहरांना ठरावीक कमाल भावाने मिळतो, तो एप्रिल २०२३ पासून दोन वर्षे उष्णतेच्या एका एककामागे (एमएमबीटीयू, म्हणजे दहा लाख ब्रिटिश उष्मा-एकके) साडेसहा डॉलरवर बांधलेला होता आणि नंतर दरवर्षी पाव डॉलरने वाढतो. त्याच उष्णतेच्या एककात मोजले तर ५०० डॉलर टनाचा एलपीजी अकरा डॉलरच्या आसपास जातो. एका गॅसला भावाचे छत आणि दुसरा पूर्ण जागतिक बाजारावर, असा हा भेद आहे. आणि तो धोरण म्हणून समर्थनीय आहे की नाही याची चर्चासुद्धा दोन्ही भाव किलोत लिहिल्याशिवाय सामान्य माणसाला करता येणार नाही.

घरगुती सिलिंडरचा विषय इथे टाळता येत नाही. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर तो साडेआठशे रुपयांच्या पुढे गेला, म्हणजे किलोला साठ रुपये. पंपावर तोच किलो एकशे अकराला. या दरीतूनच घरगुती सिलिंडर उलटा टांगून किंवा मोटार लावून रिक्षात गॅस भरण्याचे अड्डे निर्माण होतात, त्यांवर पडणाऱ्या छाप्यांच्या आणि तिथे होणाऱ्या स्फोटांच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रातही येत असतात. हा गुन्हा आहे आणि वस्तीच्या मध्ये बसवलेला बॉम्ब आहे. त्याचे समर्थन होऊच शकत नाही. घरगुती गॅस तोट्यात विकल्याबद्दल तेल कंपन्यांना सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये २२ हजार कोटी आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ३० हजार कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. तेव्हा घरच्या भावात रिक्षाला गॅस द्या अशी मागणी करता येणार नाही आणि मी ती करीत नाही. किलोचा भाव लिहिल्याने ही दरी लोकांच्या डोळ्यांत भरेल आणि काळाबाजार वाढेल, अशी शंका एका मित्राने बोलून दाखवली. अड्डा चालवणाऱ्याला आणि तिथे जाणाऱ्याला ही दरी पैशा-पैशापर्यंत पाठ असते. ती माहीत नसते ती पंपावर रीतसर पैसे मोजणाऱ्या प्रामाणिक चालकाला, आणि कदाचित कराचे दर ठरवणाऱ्यांनाही.

यावर पंपचालकांकडून एक अडचण सांगितली जाईल, तिची दखल घेतो. पंपावरचे मापक लिटरवर बेतलेले आहेत आणि गाडीच्या टाकीची क्षमताही लिटरमध्ये कोरलेली असते, तेव्हा बदल करायचा तर खर्च येईल. खर्च येईल हे मान्य. पण वाहत्या इंधनाचे थेट वजन मोजणारी यंत्रे याच शहरात प्रत्येक सीएनजी पंपावर रोज चालतात, म्हणजे तंत्र नवे नाही आणि त्याची तपासणी करण्याचा अनुभव वैध मापनशास्त्र विभागाला आहे. टाकीवरचा लिटरचा आकडा सुरक्षिततेसाठी आहे. तो तसाच राहू द्यावा, विक्री वजनाने व्हावी. यंत्र बदलेपर्यंत पाटीवर लिटरच्या भावाखाली त्या दिवशीची घनता आणि त्यावरून येणारा किलोचा भाव खडूने लिहायला काहीच खर्च येत नाही. टँकर उतरवताना घनता कागदावर नोंदलेली असतेच.

रिक्षाभाडे ठरवणाऱ्या यंत्रणेलाही यात रस असायला हवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक परिवहन प्राधिकरण भाडे ठरवते तेव्हा रिक्षा-टॅक्सीच्या भाड्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या खटुआ समितीच्या सूत्रातला इंधनखर्च हा महत्त्वाचा घटक असतो. किलोमीटरमागे इंधन किती लागते हे ज्या मापाने मोजायचे तेच माप हलते असेल, तर एलपीजीवर चालणाऱ्या रिक्षांचा खर्च त्या सूत्रात नीट बसणार कसा? त्यामुळे चालकही असमाधानी राहतो आणि प्रवाशालाही भाडेवाढ अन्यायाची वाटते. २०२७ चा सिंहस्थ जवळ येत आहे. द्वारका, निमाणी, नाशिक रोड स्थानक या भागांतून भाविकांची ने-आण करण्यात या रिक्षांचा वाटा मोठा असेल, आणि भाड्याचा प्रश्न त्याआधी पुन्हा चर्चेला येईलच. हवेच्या गुणवत्तेसाठी केंद्राने निवडलेल्या शहरांच्या यादीत नाशिकचे नाव आहे, हेही लक्षात घेतले तर गॅसवर चालणारी वाहने पुन्हा पेट्रोलकडे वळणे शहराला परवडणारे नाही.

माझी विनंती तिघांना आहे. वैध मापनशास्त्र विभागाच्या नाशिक कार्यालयाने २००९ च्या अधिनियमाखालील आपल्या अधिकारात शहरातील एलपीजी पंपांच्या मापकांची हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा वजनावर पडताळणी करावी, आणि लिटरमागे प्रत्यक्ष किती ग्रॅम गॅस मिळाला ते आकडे प्रसिद्ध करावेत. तेल कंपन्यांनी आणि खासगी गॅस कंपन्यांनी दर महिन्याच्या एक तारखेला, व्यावसायिक सिलिंडरचा भाव बदलतो त्याच दिवशी, वाहनांच्या एलपीजीचा किलोचा भाव आणि त्याची फोड नाशिकच्या पंपांवर मराठीत लावावी. आणि रिक्षाचालकांच्या संघटनांनी भाडेवाढीच्या निवेदनात ही मागणी पहिल्या क्रमांकावर घालावी. तोपर्यंत चालकांना एवढेच सुचवतो की, गॅस भरताना पावती अवश्य घ्यावी, तिच्या मागे त्या वेळचे किलोमीटर लिहावेत आणि जानेवारीच्या पावत्या मे महिन्यापर्यंत जपून ठेवाव्यात. विभागाकडे लेखी तक्रार करताना त्याच उपयोगी पडतील.

आपला नम्र,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक